फेस दिसला की आधी न्हाणीत बघा



आजचा विषय ऐकून कुणाला हसू येईल. कुत्र्यानं साबण खाल्ला तर काय करायचं, हा काय रेडिओवर बोलायचा विषय झाला का? पण गेल्या उन्हाळ्यात आमच्या गटातल्या एका घरी जे घडलं, ते बघितल्यापासून आम्ही ठरवलं होतं की हे एकदा सगळ्यांना सांगायचंच.

त्या घरचा मोत्या रात्री आखाड्यावर राखण करतो आणि दिवसा गावात घरी येतो. त्या दिवशी दुपारी तो गल्लीत आला तो तोंडाला पांढरा फेस घेऊनच. लाळ गळत होती, मान झटकत होता, पंजानं तोंड घासत होता. कुणीतरी ओरडलं, "पिसाळलं रे पिसाळलं!" झालं. पोरांनी दगड उचलले, दोघातिघांनी काठ्या आणल्या. तेवढ्यात घरातली आजी न्हाणीतून ओरडत बाहेर आली, "थांबा रे लेकरांनो! सकाळी फोडलेला नवा साबण कुठं गेला?" न्हाणीच्या दगडावर नुसता कागद होता आणि शेजारी दातांचे वळ उठलेला साबणाचा अर्धा तुकडा.

मोत्या काठीतून वाचला. पण गोष्ट तिथं संपली नाही. एकानं सल्ला दिला, "उलटी काढा, मिठाचं पाणी पाजा." दोघांनी जबडा धरला, तिसऱ्यानं तांब्या ओतला. मोत्याला जोराचा ठसका लागला. रात्रभर तो खोकत राहिला आणि सकाळी त्याचा श्वास घरघरायला लागला. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "पाणी आणि फेस छातीत गेलाय." आठ दिवस इंजेक्शनं घ्यावी लागली. साबणानं दोन उलट्या झाल्या असत्या आणि संध्याकाळपर्यंत कुत्रं उठून बसलं असतं. खरं दुखणं आपल्या उपायानं आणलं.

म्हणून आज दोनच गोष्टी मनात ठेवा. फेस दिसला की काठी उचलायच्या आधी न्हाणीत बघायचं. आणि साबण खाल्लाय असं कळलं की उलटी काढायची नाही.

कुत्रं साबण खातंच कशाला?

आपल्यापैकी ज्या बचत गटात साबण बनवतात, त्यांना हे लगेच कळेल. साबण म्हणजे तेल किंवा चरबी आणि कॉस्टिक सोडा यांचं लग्न. अंगाच्या साबणाच्या कागदावर 'टीएफएम' असं लिहून त्यापुढं आकडा दिलेला असतो. साबणात तेला-चरबीतून आलेला भाग किती, ते त्यावरून कळतं. पहिल्या प्रतीच्या साबणात तो ७६ टक्के किंवा त्याहून जास्त असतो. म्हणजे १०० ग्रॅमच्या वडीत पाऊणपट माल तेला-चरबीचाच. आपल्याला त्यात गुलाबाचा नाही तर चंदनाचा वास येतो, पण कुत्र्याच्या नाकाला त्याखालची चरबी आधी कळते. त्यात पोट रिकामं असेल, तर ते साबण चाटणारच. तीन ते सहा महिन्यांच्या पिल्लांचे दात येत असतात, ती तर हाताला लागेल ते चावतात.

दिवाळीत हा धोका वाढतो. अभ्यंगस्नानाच्या पहाटे तेलाची वाटी, उटणं, नवा साबण सगळं खालीच मांडलेलं असतं आणि घरातल्या माणसांचं लक्ष दुसरीकडे असतं.

पोटात गेल्यावर काय होतं?

अंगाचा साधा साबण हे जहाल विष नाही. तो तोंडाची आणि पोटाची आग करतो. म्हणून लाळ सुटते, फेस येतो, एक-दोन उलट्या होतात, पातळ हगवण लागते. थोडाच चाटला असेल तर बहुतेक वेळा एका दिवसात कुत्रं ठीक होतं.

मग धोका कुठं आहे? एक म्हणजे छातीत. साबणाचा फेस हलका असतो, तो उलटीबरोबर वर येतो आणि श्वासनळीत शिरतो. आपण जबरदस्तीनं उलटी काढली किंवा घशात काही ओतलं की हा धोका दुप्पट होतो. दुसरा धोका आतड्यात. साबणाचा मोठा तुकडा न चावता गिळला तर तो लवकर विरघळत नाही, आतड्यात अडकून बसतो. प्लॅस्टिकची घासणी, वाळलेल्या घोसाळ्याची जाळी, शाम्पूची पुडी हीसुद्धा अशीच अडकतात.

सगळ्या वस्तू सारख्या नाहीत

न्हाणीत काय काय असतं ते एकदा डोळ्यापुढं आणा. आम्ही त्याचे तीन भाग केलेत.

पहिला भाग पोट बिघडवणाऱ्या वस्तूंचा. अंगाचा साबण, साधा शाम्पू, उटणं, शिकेकाई, रिठा. शिकेकाई आणि रिठा झाडाचे असले तरी फेस करतात, त्यामुळं उलटी त्यांनीही होते. यात घाबरायचं नाही, लक्ष ठेवायचं.

दुसरा भाग डॉक्टरांना फोन करायच्या वस्तूंचा. कपडे धुण्याची पावडर, कपडे मऊ करायचं पातळ औषध, केसांचं कंडिशनर, डेटॉलसारखं जंतुनाशक. यातल्या काही वस्तूंनी जीभ आणि घसा पोळतो, आणि तोंडातले फोड कधी कधी काही तासांनी दिसतात. आत्ता बरं दिसतंय म्हणून सोडून देऊ नका. साबण साधाच, पण अख्खी वडी गेली असेल, तर तीही याच भागात धरा.

तिसरा भाग वाट न बघता दवाखाना गाठायच्या वस्तूंचा. संडास धुण्याचं ॲसिड, कॉस्टिक सोडा, नुकताच पाडलेला आणि अजून न मुरलेला घरचा साबण, फिनाईल, डांबराच्या गोळ्या, केसांना लावायचा काळा रंग, गोचिडाचं औषध. ॲसिड आणि कॉस्टिक जाताना घसा जाळतात, उलटीत वर येताना पुन्हा जाळतात. डांबराच्या गोळीनं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. त्याची खूण लगेच दिसत नाही, एक-दोन दिवसांनी हिरड्या फिक्या किंवा पिवळ्या पडतात, लघवी गडद होते. काळ्या रंगानं तोंड आणि घसा सुजून श्वास कोंडू शकतो. गोचिडाचं औषध तर आपण स्वतःच कुत्र्याच्या अंगाला चोळतो आणि ते अंग चाटतं. मग थरथर सुटते, नाहीतर कुत्रं गुंगल्यासारखं पडून राहतं. गुरांचं औषध अंदाजानं कुत्र्याला लावू नका, डॉक्टरांनी सांगितलेलं, सांगितलं तेवढंच लावा.

याच भागात आणखी एक वस्तू येते, ती म्हणजे बिनसाखरेची टूथपेस्ट. तिच्या वेष्टनावर 'झायलिटॉल' लिहिलेलं असेल तर ती कुत्र्याला घातक. माणसाला त्यानं काही होत नाही, पण कुत्र्याच्या रक्तातली साखर अर्ध्या-एक तासात एकदम उतरते. कुत्रं झोकांड्या खातं, झटके येतात.

आधी हे ओळखा: साबण की पिसाळ?

मैत्रिणींनो, इथं फार सांभाळून बोलायला हवं. पिसाळ म्हणजे रेबीज. तो माणसाला झाला आणि त्याची लक्षणं दिसली की बहुधा कुणी वाचत नाही. म्हणून गल्लीतली माणसं घाबरली, तर त्यांना आम्ही दोष देत नाही. पण नुसता फेस ही पिसाळल्याची खूण नव्हे.

साबण खाल्लेलं कुत्रं आपल्या माणसाला ओळखतं, हाक मारली की शेपूट हलवतं. फेसाला साबणाचा वास येतो. न्हाणीत चावलेला तुकडा नाहीतर फाटका कागद सापडतो. आणि तासा-दोन तासांनी फेस ओसरायला लागतो.

पिसाळलेल्या कुत्र्याचा स्वभाव बदलतो. गरीब कुत्रं विनाकारण अंगावर धावतं, दिसेल त्याला चावतं, लाकूड-दगडसुद्धा चावतं. आवाज घोगरा होतो, चाल झोकांड्यांची होते. काही कुत्री उलट गप्प होतात, अंधारात पडून राहतात, खालचा जबडा लोंबतो, गिळता येत नाही. ही मुकी पिसाळ जास्त फसवी. हाड अडकलं असेल म्हणून माणूस प्रेमानं तोंडात हात घालतो आणि लाळ जखमेला लागते.

म्हणून नियम असा. साबणाचा पुरावा डोळ्यांनी दिसला असेल आणि कुत्रं घरचं, लस टोचलेलं, नेहमीसारखं वागणारं असेल, तरच त्याच्या तोंडाजवळ जा. जरा जरी शंका असली, तरी हात लावू नका. त्याला मारूही नका. दार लावून, कुंपण लावून त्याला एका जागी अडकवा, लेकरांना आत घ्या आणि डॉक्टरांना कळवा. आणि रागाच्या भरात कुत्र्याला मारून टाकणं हा प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या १९६० च्या कायद्यानं गुन्हा आहे, हेही पोरांना सांगून ठेवा.

कुत्रं चावलं, ओरखडलं किंवा त्याची लाळ जखमेवर पडली, तर ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा. रेबीजच्या विषाणूवर चरबीचं पातळ आवरण असतं, साबण ते फोडतो. जो साबण कुत्र्याच्या पोटात नको, तोच आपल्या जखमेवर पहिलं औषध आहे. हळद, मिरची, चुना काही लावू नका. धुतल्यावर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा आणि सांगितलेले सगळे डोस पुरे करा.

साबणच खाल्लाय, आता काय करायचं?

पहिलं, उरलेला साबण काढून घ्या. दुसरी कुत्री आणि लहान लेकरं बाजूला करा. कागद, बाटली, पुडी फेकू नका, डॉक्टरांना दाखवायला ती लागते.

दुसरं, कुत्रं शांत असेल तर तोंडात दिसणारे तुकडे काढा. ओल्या फडक्यानं जीभ, हिरड्या, ओठ पुसून घ्या. फडकं पिळून पुन्हा पुसा. पाण्याची धार घशात सोडू नका. अंगावर ॲसिड किंवा फिनाईल सांडलं असेल तर हाताला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून ते भरपूर साध्या पाण्यानं धुवा, नाहीतर कुत्रं पुन्हा चाटेल.

तिसरं, वाटीत थोडं साधं पाणी ठेवा. आपण होऊन प्यालं तर पिऊ द्या. बादलीभर पाणी पुढं ठेवू नका, जास्त पाण्यानं पोटात फेस वाढतो. थोड्या थोड्या वेळानं वाटी भरा. आपल्या परभणीत एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो. अशा वेळी उलट्या-हगवणीनं अंगातलं पाणी लवकर सरतं. कुत्र्याला सावलीत, गार जागी बांधा. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडा. ती लगेच जागेवर बसली नाही तर पाणी कमी झालंय समजा आणि डॉक्टरांना कळवा.

चौथं, दोन-तीन तास खायला देऊ नका. उलटी थांबली की बिनमीठ-तिखटाचा मऊ भात थोडा थोडा द्या.

पाचवं, एक दिवस नीट लक्ष ठेवा. मोठा तुकडा किंवा घासणी गिळली असेल तर तीन-चार दिवस. खातंय का, हगतंय का, पोट फुगलंय का, हे बघत राहा.

आणि हे करायचं नाही

मिठाचं पाणी पाजायचं नाही. दहा किलोच्या कुत्र्याला २०-३० ग्रॅम मीठ, म्हणजे दीड-दोन मोठे चमचे, विषासारखं बाधू शकतं. घशात बोटं घालायची नाहीत. तेल-तूप पाजायचं नाही, ते छातीत उतरतं. ॲसिड गेलंय म्हणून खायचा सोडा, कॉस्टिक गेलंय म्हणून लिंबू, असला हिशेब पोटात मांडायचा नाही. कोळशाची पूडही साबणावर कामाची नाही. माणसांची पोटदुखीची, उलटीची गोळी तर मुळीच नको.

आणि उलट्या होत असलेल्या कुत्र्याचं तोंड दोरीनं बांधू नका. तोंड बांधलं तर उलटी आतच राहते आणि ते गुदमरतं. न्यायचं असेल तर जाड चादरीत गुंडाळा, नाक-तोंड मोकळं ठेवा.

दवाखान्यात कधी न्यायचं?

तिसऱ्या भागातली वस्तू पोटात गेली असेल तर लगेच. बाकी वेळी या खुणा दिसल्या की निघायचं. दोन-तीनपेक्षा जास्त उलट्या, उलटीत किंवा हगवणीत रक्त, खोकला किंवा घरघर, थरथर, झटके, गुंगी, पांढऱ्या पडलेल्या हिरड्या, तोंडात फोड, फुगलेलं पोट. पिल्लू असेल, म्हातारं कुत्रं असेल किंवा गाभण कुत्री असेल, तर खुणांची वाट न बघता आधी विचारा.

विचारायचं कुणाला? १९६२ हा जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा फुकट नंबर आहे, तो गायी-म्हशींपुरताच समजू नका. गाडी यायला वेळ लागणार असेल तर गावाजवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा. परभणी शहरात आपलं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. ते १९७२ साली सुरू झालं आणि आज नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली चालतं. जनावरांचे डॉक्टर जिथं घडतात, ती जागा आपल्याच जिल्ह्यात आहे. जिंतूर असो, पालम असो की सोनपेठ, अवघड दुखणं असेल तर तिथं नेता येतं.

फोनवर पाच गोष्टी सांगा. काय खाल्लं, किती खाल्लं, किती वाजता खाल्लं, कुत्र्याचं वय-वजन अंदाजे किती, आणि आत्ता काय होतंय. घरात कुणी काही पाजलं असेल तर तेही लपवू नका. मिठाचं पाणी पाजलंय हे मोत्याच्या घरच्यांनी लाजून आधी सांगितलंच नव्हतं. डॉक्टरांना विचारून विचारून काढावं लागलं, त्यात वेळ गेला.

न्हाणीची मांडणी

आता शेवटचं, पण रोजचं. साबण दगडावर, मोटारीच्या हौदाच्या कडेला सोडून येऊ नका. कुत्रं मागच्या पायांवर उभं राहिलं तरी पोचणार नाही अशा उंचीवर, झाकणाच्या डबीत ठेवा. नदीवर, विहिरीवर धुणं धुवायला गेलात तर वडी मोजून परत आणा. फिनाईल आणि ॲसिड कोल्ड्रिंकच्या नाहीतर पाण्याच्या बाटलीत भरू नका. कुत्र्याचं जाऊ द्या, तहानलेलं लेकरू ती बाटली तोंडाला लावतं. लेकराच्या बाबतीतही उलटी काढायची नाही, तोंड पुसायचं, बाटली बरोबर घ्यायची आणि १०८ ला फोन करायचा.

ज्या गटात साबण-फिनाईल बनतं, तिथं कॉस्टिकचा डबा कुलपात ठेवा. ताजा साबण मुरायला चार-सहा आठवडे लागतात, तोवर तो दाराआड असू द्या. विकायच्या प्रत्येक बाटलीवर नाव लिहा आणि ज्या बाईला वाचता येत नाही तिच्यासाठी धोक्याची खूण काढा.

आणि कुत्र्याला दर वर्षी रेबीजची लस टोचा. पिल्लाला तिसऱ्या महिन्यात पहिली. मोत्याला ती टोचलेली होती, त्याचा कागद आजीच्या ट्रंकेत होता. म्हणूनच तर त्या दुपारी ती काठ्यांच्या मधे जाऊन उभी राहू शकली.

पुढच्या बैठकीत एवढं करा. बचतीची वही उघडायच्या आधी प्रत्येकीनं सांगायचं, आपल्या न्हाणीत कुठली बाटली कुठं ठेवली आहे. आणि १९६२, १०८ हे दोन नंबर न्हाणीच्या भिंतीवर खडूनं मोठे लिहून ठेवायचे. मोत्याच्या घरी ते लिहिलेत. साबणाची डबीही आता खुंटीला टांगलेली असते आणि मोत्या खाली बसून तिच्याकडे बघत असतो.

राम राम.